दोन भोंगे आणि एक शेगडी

अण्णासाहेब ओव्हाळांच्या घरी धूर ओळखणारा भोंगा आला आणि पहिल्याच दिवशी त्याने जो धूर ओळखला, तो कस्तुराबाईंच्या ठेच्याचा होता.

तसे भोंगे दोन आले होते. मुलगी मिनल बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि दोनचार दिवसांत ती नातीला घेऊन दवाखान्यातून घरी यायची होती. अशा वेळी आजोबा लोक झबली आणतात, वाळे आणतात, फारच हौशी असले तर पाळणा आणतात. अण्णासाहेबांनी ऑनलाइन मागवून एक गोल पांढरा भोंगा धुरासाठी आणला आणि एक चौकोनी भोंगा कार्बन मोनॉक्साइड नावाच्या गॅससाठी आणला. नातीच्या स्वागताची ही तयारी पाहून कस्तुराबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, लेकरू यायचंय घरात. बॉयलर नाही यायचा."

"लेकरू यायचंय म्हणूनच," अण्णासाहेब म्हणाले.

त्यांचाही इलाज नव्हता. चाकणच्या कंपनीत शेवटची काही वर्षं ते सेफ्टी कमिटीवर होते. डोक्यावर हिरवं हेल्मेट, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी वाजली की अख्खी लाइन थांबायची, प्रेस मशीन थांबायचं, मॅनेजरसुद्धा चहाचा कप तसाच ठेवून केबिनबाहेर यायचा. रिटायर होताना कंपनीने हेल्मेट परत घेतलं, शिट्टी परत घेतली, स्वभाव मात्र परत घ्यायचा विसरली. तो आता पिंपळे सौदागरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये मोकाट फिरत होता. दर रविवारी गॅसच्या नळीची तपासणी व्हायची. फरशी पुसली की कस्तुराबाईंना ओल्या जागेभोवती खुर्च्या मांडलेल्या आढळायच्या. सकाळच्या चहाला पाच मिनिटं सुरक्षेवर बोलायची कंपनीतली पद्धतही त्यांनी घरी सुरू करून पाहिली होती, पण दुसऱ्याच दिवशी चहा मिळेना, म्हणून ती बंद पडली.

भोंगा लावायचा कुठे, हा प्रश्न त्यांनी शास्त्रीय पद्धतीने सोडवला. घरात धूर होतो कुठे? गॅसच्या ओट्यावर. मग भोंगा पाहिजे कुठे? ओट्याच्या बरोबर डोक्यावर. खोक्यात सूचनांची घडी होती, पण अक्षर मुंगीएवढं. शिवाय ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना सूचना वाचायला लावल्या, त्याने स्वतः कशाला वाचायच्या, असं त्यांना मनापासून वाटलं.

ड्रिल मशीन सुरू होऊन पुरतं भोकही पडलं नसेल, तोच सोसायटीचे सेक्रेटरी उद्धवराव दारात हजर झाले. उद्धवराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. तिथे जितक्या फाइली अडवायच्या राहून गेल्या होत्या, तितक्या ते सोसायटीत अडवून घेत होते.

"ओव्हाळसाहेब, स्लॅबला भोक पाडताय? परवानगी?"

"माझ्याच किचनचं छत आहे."

"तुम्ही खालून बघता म्हणून छत. वरच्यांनी बघितलं तर ती त्यांची फरशी आहे. त्यांचं ना हरकत पत्र आणा, अर्ज करा, मीटिंगमध्ये ठेवू."

वरचे मालक बंगळुरूला होते आणि मीटिंग गणपूर्तीअभावी पुढे ढकलण्याची सोसायटीत परंपराच होती. शेवटी अण्णासाहेबांनी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणून भोंगा छताला चिकटवला आणि खाली उभं राहून त्याच्याकडे समाधानाने पाहिलं. कस्तुराबाईंनी नेमक्या त्याच वेळी तव्यावर मिरच्या टाकल्या.

जो काही आवाज झाला! कस्तुराबाईंच्या हातून उलथणं पडलं. अण्णासाहेब स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालू लागले.

"अहो, बंद करा ते! कान फाटले माझे!"

"तू आधी मिरची बंद कर!"

"मिरचीला काय बटण असतं का?"

तोवर बी विंग जिन्यात जमली होती. समोरची करिष्मा म्हणाली, लिफ्ट अडकली असेल. कुणी म्हणालं, कुकर फुटायच्या बेतात आहे, आत जाऊ नका. कुणी अनुभवी माणूस म्हणाला, हा टाकी भरल्याचा आवाज आहे, पाणी वाया चाललंय, मोटर बंद करा. आणि खरोखरच कुणीतरी धावत खाली जाऊन मोटर बंद करून आलं. त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी बी विंगला पाणी नव्हतं. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर उद्धवरावांचा मेसेज आला, की सदनिका क्रमांक दोनशे चारमधील खासगी यंत्रामुळे पाणीपुरवठ्यात व्यत्यय आल्याचे निदर्शनास आले आहे.

हे 'खासगी यंत्र' अण्णासाहेबांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी उत्तरात विचारलं, की लॉबीतल्या सार्वजनिक यंत्राचं काय? सोसायटीच्या आगीच्या घंटेची वायर मागच्या दिवाळीत फटाक्यांनी ती वाजली म्हणून काढून ठेवली होती, आणि पाण्याच्या पाइपची लाल पेटी उघडली तर आत वॉचमनचा डबा आणि कुणाचेतरी पावसाळी बूट होते. उद्धवरावांनी उलट लिहिलं, तो विषय अजेंड्यावर आहे. ज्या विषयाला हात लावायचा नसतो तो अजेंड्यावर असतो, हे कळण्याइतकी वर्षं अण्णासाहेबांनीही कमिटीत काढली होती.

भोंगा मग हॉलमध्ये गेला. तिथे कॅलेंडरचा एक खिळा रिकामा होता, म्हणजे परवानगीचाही प्रश्न नव्हता. खिळा होता तथागतांच्या मूर्तीच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या वर, ही गोष्ट मात्र त्या घाईत त्यांच्या लक्षात आली नाही. मिनल बाळाला घेऊन घरी आली, आणि पौर्णिमेला नात्यातली माणसं वंदनेला आणि बाळ बघायला एकदमच जमली. मेणबत्त्या लागल्या. प्रत्येकाने आपापली अगरबत्ती लावली. सगळे हात जोडून उभे राहिले, पंचशील निम्म्यावर आलं, आणि वरून भोंगा ओरडला. बाळ दचकून रडायला लागलं, दोन मावश्या फोटोपुढून बाजूला पळाल्या, एकाने मेणबत्तीवर तांब्याभर पाणी ओतलं. थोरल्या चुलत्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी डोळे मिटून एकट्यानेच वंदना शेवटपर्यंत म्हटली आणि डोळे उघडून म्हणाले, "आज सगळ्यांनी अगदी शांततेत केली. बरं वाटलं."

पाहुणे गेल्यावर कस्तुराबाईंनी स्टूल घेतलं, बाळासाठी कुणीतरी दिलेलं एक जुनं टोपडं त्या भोंग्यावर चढवलं आणि बंद घट्ट बांधले. टोपडं गुलाबी होतं. त्यातून भोंगा असा काही दिसू लागला, की येणारा प्रत्येकजण आधी त्याच्याकडे बघून हसायचा आणि मग अण्णासाहेबांकडे बघून.

दुसरा भोंगा, तो चौकोनी, मात्र एक अक्षर बोलला नव्हता. टेबलावर पडून एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकवायचा. एकदा उद्धवराव पाहणीला आले तेव्हा त्यांनी त्याचीही चौकशी केली.

"हा कसला?"

"कार्बन मोनॉक्साइड. कोळसा, लाकूड, गॅस नीट जळलं नाही की होतो. रंग नाही, वास नाही. माणूस गुंगत जातो आणि त्याला कळतही नाही."

"रंग नाही, वास नाही, मग तो आहे हे कशावरून?"

"हे यंत्र सांगतं."

"पण हे तर गप्प आहे."

"म्हणजे आत्ता गॅस नाही."

"म्हणजे," उद्धवराव शांतपणे म्हणाले, "नसलेल्या गॅससाठी तुम्ही न बोलणारं यंत्र घेतलंत." यावर कस्तुराबाई इतक्या हसल्या की चहा उतू गेला.

आता ठकुबाईंची ओळख करून द्यायला हवी. ठकुबाई कुरुळीच्या. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या चाकण पट्ट्यात कुणी नव्हतं. रोज सकाळच्या बसने त्या यायच्या, काखेत तेलाच्या बाटलीची पिशवी, नऊवारीचा काष्टा पक्का. घरात पाऊल टाकलं की घर त्यांचं. कंपनीतला जनरल मॅनेजरही इतक्या अधिकाराने कुणाशी बोलल्याचं अण्णासाहेबांना आठवत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मिनलचा पलंग नापास केला. "बाजंबिगर शेक न्हाई," एवढंच म्हणाल्या. मग कुरुळीहून टेम्पोत घालून बाज आली, लिफ्टमधून फर्निचर न्यायला वेगळी परवानगी लागते म्हणून जिन्यावरून वर आली, आणि वळणावर अण्णासाहेबांच्या पायावर विसावली. आठवडाभर ते लंगडत होते. ती जखम त्यांनी अपघात म्हणून मनातल्या मनात नोंदवूनही टाकली.

बाजेपर्यंत ठीक होतं. पण बाजेखाली शेगडी आली. मागच्या बेडरूमची काचेची खिडकी बंद, दार बंद, दाराखालच्या फटीत गोधडी कोंबलेली, आत लोखंडी शेगडीत फुललेले निखारे, वर बाजेवर मिनल आणि तिच्या कुशीत बाळ. हे कळल्यावर अण्णासाहेबांनी बाहेरून दारावर थाप मारली.

"ठकुबाई, खिडकी जरा उघडी ठेवा. कोळशाचा गॅस कोंडतो."

"वारं लागंल पोरीला," आतून आवाज आला. "बाळंतिणीच्या अंगात वारं भरलं की जल्माची कंबर धरती."

"पण बंद खोलीत निखारे..."

"आण्णा, आक्खी कुरुळी माज्या हातची शेकल्याली हाय. तुमच्या कंपनीत जी पोरं वझी उचलत्यात ना, ती माज्याच शेकावर वाढल्यात. इचारा त्यास्नी."

हे खोटं नव्हतं. त्या पोरांपैकी दोघातिघांना अण्णासाहेब ओळखत होते, आणि एकेक जण खांबासारखा मजबूत होता.

"अहो, तेव्हा कौलाची घरं होती. वरून सगळं निघून जायचं. इथली खिडकी बघा, चारी बाजूंनी रबर आहे. डाससुद्धा आत येत नाही."

"डास येत न्हाई त्ये ब्येस हाय की," ठकुबाई म्हणाल्या.

"बायकांच्या कामात तुम्ही नका पडू बरं," कस्तुराबाईंनी मधे पडून निकाल दिला. मिनलही आतून म्हणाली, "पप्पा, खरंच बरं वाटतं हो. कंबर मोकळी होते." एकूण मतदान तीन विरुद्ध एक असं झालं आणि अण्णासाहेब बाल्कनीत जाऊन बसले.

त्यांचा अपमान झाला होता हे खरं, पण त्या दिवशी त्यांना अपमानापेक्षा भीती जास्त वाटत होती. एका थंडीत कंपनीच्या गेटवरच्या केबिनमध्ये वॉचमनने घमेल्यात कोळसे पेटवून दार लावून घेतलं होतं. सकाळी तो उठलाच नाही. तोंडावर कसलाही त्रास दिसत नव्हता, नुसती गाढ झोप. त्याला उचलणाऱ्या चौघांत अण्णासाहेब होते. सेफ्टी कमिटीत त्यांनी स्वतःहून नाव दिलं ते त्यानंतर. ही गोष्ट त्यांनी घरी कधी सांगितली नव्हती, आणि आता बाळंतिणीच्या घरात असलं अभद्र बोलायला त्यांची जीभ रेटेना.

चौकोनी भोंगा त्या खोलीत नेऊन ठेवावा असं त्यांनी सुचवून पाहिलं. कस्तुराबाईंनी साफ नाही म्हटलं. एकाला टोपडं घालावं लागलंय, दुसरा आणखी बाळाच्या उशाशी? पण झालं काय, की दुपारी बाळाला हॉलमध्ये आणून निजवलं की ते टेबलाकडे तोंड करून त्या हिरव्या दिव्याकडे टकमका बघत राहायचं. रडत असलं तरी गप्प व्हायचं. दोन दिवस हा चमत्कार पाहून कस्तुराबाईंनी स्वतःच तो भोंगा उचलला आणि बाजेशेजारच्या स्टुलावर नेऊन ठेवला. अण्णासाहेबांच्या भाषणांनी जे झालं नाही, ते टिकलीएवढ्या दिव्याने केलं. त्यांना जरा लागलंच ते.

त्यानंतर एका सकाळी गारठा बराच होता. ठकुबाईंनी शेगडीत रोजच्यापेक्षा जास्त कोळसे घातले आणि गोधडी आणखी घट्ट कोंबली. कस्तुराबाई स्वयंपाकघरात हळिवाची खीर ढवळत होत्या. अण्णासाहेब आंघोळीला गेले होते आणि डोक्याला साबण लावून झाला होता.

भोंगा वाजू लागला.

कस्तुराबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, खिरीखालचा गॅस बारीक केला, हॉलमध्ये आल्या, स्टुलावर चढल्या आणि टोपड्याचे बंद आवळले. आवाज थांबला नाही. त्यांनी टोपड्याला कान लावला.

"अहो ठकुबाई, माझा तर गप्प आहे! तुमच्याकडचा वाजतोय!"

"ह्यो कशापायी वाजतूया?" आतून उत्तर आलं. "इकडं धूरच न्हाई! निखारा लाल फुलल्याला हाय नुसता!"

"मग बंद करा त्याला!"

"बटान कुटं हाय त्येचं? मिनल, बग गं जरा."

"थांबा हो," मिनलचा आवाज आला. "माझं डोकं कसं जड झालंय सकाळपासून."

बाथरूममध्ये अण्णासाहेबांचा हात थांबला. चार टोले, मग शांतता. पुन्हा चार टोले. धुराच्या भोंग्याचे तीन असतात. डोळ्यांत साबण जाऊ देत त्यांनी टॉवेल गुंडाळला आणि ते धावले. बाळंतिणीच्या खोलीचं दार गोधडीने अडलं होतं, ते त्यांनी खांद्याने लोटलं. आत गरम, कोंदट आणि अगदी शांत होतं. शांत म्हणजे भोंगा कानठळ्या बसवत होता, पण एवढ्या आवाजात बाळ गाढ झोपलं होतं. ते पाहून अण्णासाहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बाहेर!" ते गरजले. "सगळे बाहेर! आत्ता! काही घ्यायचं नाही!"

हा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. प्रेस मशीनचा खडखडाट भेदून जाणारा आवाज होता तो. मिनल उठलीच. खीर टाकून कस्तुराबाई धावल्या आणि त्यांनी लेकीला कमरेत धरलं. अण्णासाहेबांनी बाळाला उचललं, जिन्यात आणलं, मोकळ्या हवेत त्याच्या तळपायावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मग ते एवढंसं तोंड वाकडं झालं आणि पोरीने असा काही टाहो फोडला की दोन्ही विंगांना ऐकू गेला. अण्णासाहेबांना वाटलं, उभ्या जन्मात आपण इतकं गोड काही ऐकलं नाही.

खाली पार्किंगमध्ये पोचल्याबरोबर त्यांनी सवयीप्रमाणे माणसं मोजली. मिनल. बाळ. कस्तुरा. आपण.

"ठकुबाई कुठे?"

"मागेच होत्या की!" कस्तुराबाई म्हणाल्या.

एकदा बाहेर पडलं की परत आत जायचं नाही, हा नियम अण्णासाहेबांनीच शेकडो पोरांना घोकून घ्यायला लावला होता. त्यांनी बाळ कस्तुराबाईंच्या हातात दिलं आणि छाती भरून श्वास घेऊन जिना चढायला सुरुवात केली. ठकुबाई बाल्कनीत सापडल्या. घर पेटू नये म्हणून त्यांनी ती धगधगती शेगडी पदराने धरून तिथवर आणली होती आणि तिच्याशेजारीच डोकं धरून बसल्या होत्या.

"आण्णा, घर फिरतंय बगा."

"घर जाग्यावर आहे. उठा, माझ्या खांद्यावर हात टाका." जाता जाता त्यांनी हाताला लागेल ती खिडकी उघडली.

आता खाली जे दृश्य दिसलं त्याची अख्ख्या सोसायटीत अजून चर्चा होते. टॉवेल नेसलेले, डोक्यावर साबणाचा फेस असलेले अण्णासाहेब, आणि त्यांच्या खांद्यावर रेललेल्या ठकुबाई. बी विंग पूर्ण जमली होती. कुणीतरी सवयीने मोटर बंद करून आलं होतं. उद्धवराव सकाळचा फेरफटका संपवून शाल पांघरून उभे होते.

"ओव्हाळसाहेब, सोसायटीच्या आवारात या वेशात..."

"उद्धवराव," कस्तुराबाई म्हणाल्या, "एक शब्द बोलू नका. ती शाल आणा इकडे." उद्धवरावांनी मुकाट्याने शाल काढून दिली. कस्तुराबाईंनी ती नवऱ्याच्या अंगावर पांघरली आणि तिच्याच टोकाने त्यांच्या डोळ्यांतला साबण पुसला. सगळ्यांसमोर असं त्यांनी यापूर्वी कधी केलं नव्हतं, म्हणून अण्णासाहेब फार अवघडले.

दवाखान्यात मिनलला आणि ठकुबाईंना ऑक्सिजन लावला, बाळाला नीट तपासलं. दिवसभर ठेवून घेऊन डॉक्टरांनी सांगितलं की तिघीही ठणठणीत आहेत, वेळेवर बाहेर पडलात म्हणून. "कळलं कसं तुम्हाला? याला तर वासही नसतो," त्यांनी विचारलं.

"माझ्या पप्पांनी भोंगा आणलाय," मिनल म्हणाली. अण्णासाहेब पंख्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर बऱ्याच गोष्टी बदलल्या. शेगडी गेली, शेकायला गरम पाण्याची रबरी पिशवी आली. मुंगीच्या अक्षरातल्या सूचना अण्णासाहेबांनी भिंग घेऊन वाचल्या आणि स्वयंपाकघराजवळ व धूप-अगरबत्तीच्या जागी लावू नये, हे वाक्य त्यांनी प्रामाणिकपणे मोठ्याने वाचून दाखवलं. गोल भोंग्याचं टोपडं उतरलं आणि तो दोन्ही बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये गेला. भोक पाडताना उद्धवराव स्वतः स्टूल धरून उभे होते. ना हरकत त्यांनी वरच्या मालकांकडून फोनवरच घेतली होती. लॉबीतल्या घंटेची वायरही जोडून झाली, आणि मोटर कुणी बंद करू नये अशी सूचना तिथे लागली.

ठकुबाई दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, बाळाला न्हाऊ घातलं, मुकाट्याने पायावर घेऊन पुसलं. मग जायच्या वेळी दारात अडखळल्या.

"आण्णा, किती घरं शेकली म्या. एकांदं प्वार शेकल्यावर गप्पगार पडायचं. आमी म्हनायचो, गुनाचं हाय, शेक मानवला. निजूं द्या." त्यांनी पदर तोंडाला लावला. "द्येवाची दया, न्हाईतर माज्या हातनं काय झालं असतं."

अण्णासाहेबांना कंपनीत चुका करणाऱ्यांना पुष्कळ काही सुनावायची सवय होती. पण या वेळी ते आत गेले आणि चौकोनी भोंगा घेऊन आले.

"हा तुम्ही न्या. जिथं शेकायला जाल तिथं आधी हा ठेवा. वाजला तर सगळ्यांना बाहेर काढायचं. आम्ही दुसरा मागवतो."

"मला कुटं जमतंय त्ये?"

"चार टोले. तुम्हाला काय जमत नाही?"

ठकुबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि तेलाच्या बाटलीशेजारी पिशवीत ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी अण्णासाहेब पेपर वाचत असताना त्यांचा फोन वाजला. फोनमधून आधी चार टोले ऐकू आले, मग ठकुबाई.

"आण्णा, कुरुळीतनं बोलतीया, शालनबाईच्या घरनं. तिच्या सुनंला शेकाय आले व्हते, वर्षारानीला. म्या यायच्या आदीच म्हातारीनं दार लावून शेगडी पेटिवल्याली. पिशवी खाली ठिवली न् पेटी वराडाय लागली. म्या समद्यास्नी भायेर काडलंय. वर्षारानी हाय, प्वार हाय, रडतंय मोट्यानं. म्हातारी मला शिव्या देतीया, दिऊ द्या. एक शेळी व्हती, ती बी भायेर हाय. कुनाला आत जाऊ देत न्हाई. आता फुडं काय करायचं, सांगा."

अण्णासाहेब उभे राहिले. सवयीप्रमाणे त्यांनी मनातल्या मनात माणसं मोजली, शेळीसकट. ठकुबाईंचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता. कस्तुराबाई मिक्सर बंद करून केव्हाच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"सांगा की अहो," त्या म्हणाल्या. "थांबलीत ना ती सगळी तुमच्यासाठी."

मग अण्णासाहेबांनी सांगायला सुरुवात केली.